नदीतल्या बार्बेलसाठी वेताची जुनी काठी: कुठली घ्यावी?

केनेटकाठ | २० एप्रिल, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी रेडिंगला राहतो, घरापासून सायकलने पंधरा मिनिटांवर केनेट नदी. मूळचा वेंगुर्ल्याचा, त्यामुळे गरवायचं वेड लहानपणापासूनच. काकाबरोबर धक्क्यावर तंगूस बोटाला गुंडाळून तासन् तास बसायचो. इथे आल्यावर नदीतल्या माशांशी ओळख झाली आणि बार्बेलने पुरतं झपाटलं.

ज्यांनी हा मासा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: वाहत्या पाण्यात, खडीच्या तळाला धरून राहणारा मासा. सोनेरी-तपकिरी लांबट अंग, सपाट पोट, नारिंगी झाक असलेले पर आणि तोंडाला चार मिशा. त्या मिशांनी तो तळ चाचपत खातो. पाच पौंडांचा मासा लागला तरी नदीचा तळच उठून चालायला लागला असं वाटतं.

सात हंगाम कार्बनच्या काठीने काढले. गेल्या ऑक्टोबरात काठावर भेटलेल्या एका वृद्ध इंग्रज गृहस्थांनी त्यांची वेताची काठी माझ्या हातात दिली, आणि तीही मासा लागलेला असताना! काठी बुडापर्यंत लवली होती. मासा प्रत्येक वेळी डोकं झटकायचा ते तळहातात कळत होतं. त्या रात्री झोप लागली नाही. आता १६ जूनला हंगाम उघडायच्या आत अशी एक काठी घ्यायची आहे. बजेट ३०० पौंड, फार तर थोडं वर.

सध्या डोळ्यासमोर तीन आहेत. ईलिंगच्या बी. जेम्सची मार्क ४ एव्हन, विकणारा थोडी घासाघीस करायला तयार आहे. वेअर गावच्या चॅपमनची एक. आणि रेडिचच्या ऑलकॉक्सची वॉलिस विझर्ड. कुठली घ्यावी? आणि जुनी काठी बघताना नेमकं काय बघायचं?

व्युत्पत्ती | २० एप्रिल, रात्री १०.०५

मासेमारीतलं मला काही कळत नाही, पण शीर्षक खटकलं. वेत म्हणजे रानात झाडांवर चढणारी, आतून भरीव अशी वेल. खुर्च्या विणतात, पूर्वी शाळेत छडी व्हायची, तो. इंग्रजीत वेत आणि बांबू दोघांनाही 'केन' म्हणतात. तुमची काठी बांबूचीच असणार ना?

केनेटकाठ | २० एप्रिल, रात्री १०.२०

अगदी बरोबर. बांबूच. शीर्षक आता बदलता येत नाहीये, पण पुढे बांबूच म्हणतो. धन्यवाद.

ट्रेंटवाला | २० एप्रिल, रात्री ११.१५

नॉटिंगहॅमहून लिहितोय. काठीआधी नदी सांगा, कारण सगळं उत्तर त्यातच आहे.

आमची ट्रेंट रुंद आणि जोरदार. इथे आमिषाचा पिंजरा प्रवाहात तळावर टिकवायचा तर तीन-चार औंसांचं वजन लागतं आणि ते निम्म्या नदीपर्यंत फेकावं लागतं. एव्हन प्रकारची बांबूची काठी हे काम करत नाही. तिच्याकडून ते करून घेणं म्हणजे बैलगाडीला नांगरही जुंपायचा आणि वरातीलाही न्यायचं. तिची खरी जागा म्हणजे लहान नदी, काठाजवळचा खोल डोह, औंसभर वजन किंवा फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, आणि चाकासारखं फिरणारं जुनं सेंटरपिन रीळ. केनेट तशीच आहे, म्हणून तुमचा विचार योग्य आहे.

वॉलिस विझर्डबद्दल मात्र आमच्या गावाचा अभिमान आहे. ज्यांच्या नावावरून ती आली ते एफ. डब्ल्यू. के. वॉलिस नॉटिंगहॅमचे. सेंटरपिन रिळावरून आमिष फेकायच्या एका पद्धतीलाही इथे त्यांचंच नाव आहे. तिचं बूड अखंड बांबूचं, त्यामुळे लांबीच्या मानाने हलकी. फ्लोट सोडून प्रवाहाबरोबर जाऊ द्यायचं असेल तर इतकी गोड काठी दुसरी नाही. पण तळावर वजन टाकून बसणार असाल तर ती नको.

खेकडेभजी | २१ एप्रिल, सकाळी ७.३०

३०० पौंडांत आमच्या देवगडात मच्छी विकत घेऊन अख्ख्या वाडीला जेवण घालता येईल, दादा!

केनेटकाठ | २१ एप्रिल, सकाळी ८.१०

खरं आहे, आणि घातलंही असतं. पण हा मासा खायचा नसतोच. इंग्लंडच्या नद्यांत मोठा बार्बेल परत सोडावा लागतो, कायदाच तसा आहे. शिवाय त्याची अंडी विषारी.

कामटी | २१ एप्रिल, दुपारी १.५०

ब्रिस्टलजवळ जुन्या लाकडी वस्तू दुरुस्त करते. गेली नऊ वर्षं बांबूच्या काठ्याही येतात. माहेर कुडाळचं, बांबूतच वाढले. त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही. जरा लांबण लागेल.

आधी ही काठी कशी बनते ते समजून घ्या, मग काय बघायचं ते आपोआप कळेल. हा बांबू चीनच्या दक्षिणेकडच्या ग्वांगडाँगचा, व्यापारातलं नाव टोन्किन. १९३१ साली मॅक्लुअर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला 'अमाबिलिस' म्हणजे लोभस असं नाव दिलं, आणि ते पटतं. सरळ, जाड भिंतीचा, गाठी फार वर न आलेल्या. बांबूची सगळी ताकद सालीलगतच्या तंतूंत असते. आत जावं तसा तो भुसभुशीत होत जातो. म्हणून बांबू चिरून कामट्या काढायच्या, भट्टीत तापवून ओल घालवायची, आणि प्रत्येक कामटी रांध्याने तासून त्रिकोणी करायची. साल बाहेर, कोन आत. अशा सहा कामट्या चिकटवल्या की षट्कोनी काठी होते, आणि सगळे दणकट तंतू बाहेरच्या अंगाला येतात. शेजारशेजारच्या कामट्यांच्या गाठी एका रेषेत येऊ द्यायच्या नाहीत, नाहीतर तिथे काठी कमजोर होते. शेंड्याजवळची कामटी आगपेटीतल्या काडीपेक्षाही बारीक असते. ती हाताने तासताना मी अजूनही श्वास रोखते.

आता तपासणी.

काठी जोडून बुडाकडून एक डोळा मिटून बघा, बंदुकीचा नेम धरतात तशी. शेंड्याला थोडा बाक असतोच, वर्षानुवर्षं एकाच बाजूला लवल्यामुळे. बोटभर बाक चालतो. तंगूस ओवायच्या कड्या सोडवून उलट बाजूला बांधल्या की वापरता वापरता तो कमी होतो. पण मध्येच एका जागी कोन झाला असेल तर तिथे तंतू मोडलेत. सोडून द्या.

मग सांधे. कामट्यांमधल्या रेषेवरून नख फिरवा. नख अडकलं, किंवा केसासारखी काळी रेघ दिसली तर चिकटवण सुटतंय. काठी कानाजवळ धरून हलकेच लववा. टिक् असा आवाज आला तर नक्कीच. युद्धाच्या आधीच्या बऱ्याच काठ्या सरसाने जोडलेल्या. ओल लागली की सरस सुटतो, आणि नदीवर ओल लागणारच. नंतर युरिया-फॉर्माल्डिहाइडचे गोंद आले, त्या काठ्या जास्त टिकाऊ. म्हणून तुम्हाला वापरायची आहे तर १९५०च्या आसपासची किंवा नंतरचीच बघा.

दोन्ही तुकडे शेजारी उभे करा. दोन भागांच्या काठीत ते सारख्या लांबीचे हवेत. शेंडा दोन-तीन इंच आखूड म्हणजे कधीतरी मोडून पुन्हा टोक बसवलंय. विकणारे हे सांगतातच असं नाही.

मधला पितळी किंवा जर्मन सिल्व्हरचा जोड, ज्याला फेरूल म्हणतात, तो ओढताना बाटलीचं बूच निघाल्यासारखा 'पॉक्' आवाज यायला हवा. नुसता सळकन निघाला तर झिजलाय. हे दुरुस्त होतं, पण किंमत त्याप्रमाणे पाडून मागा.

शेवटी कड्या. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवा. कापूस अडकला तर कडीला खाच आहे आणि ती तंगूस कापणार.

बनवणाऱ्याच्या शिक्क्याला या सगळ्याच्या नंतरचं स्थान द्या.

ट्रेंटवाला | २१ एप्रिल, दुपारी २.३०

ताई, हे छापून गाडीत ठेवतोय. कापसाच्या बोळ्याचं तर तीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

सेव्हर्नकर | २१ एप्रिल, सायंकाळी ७.००

मी थोडा वेगळा सूर लावतो. वूस्टरला राहतो, सेव्हर्नवर बार्बेलसाठीच जातो. बांबूची काठी सुंदर असते यात वादच नाही. पण सुंदर वाटते म्हणून माशाला दहा मिनिटं जास्त झुंजवत ठेवायचं का? बार्बेल हार मानत नाही, अंगातली शेवटची ताकद संपेपर्यंत ओढतो. उन्हाळ्यात पाणी कोमट आणि उथळ, प्राणवायू कमी. अशा वेळी दमलेला मासा पोहत गेलेला दिसतो आणि पुढच्या वळणावर उलटा होतो. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, तेव्हापासून ताकदवान कार्बन आणि बारा पौंडी तंगूस, बाकी काही नाही.

केनेटकाठ | २१ एप्रिल, रात्री ८.१५

हा मुद्दा माझ्याही मनात आहे. यावर जाणकारांनी जरूर लिहा. मासा दमून मरणार असेल तर मला ही काठी नको.

ट्रेंटवाला | २१ एप्रिल, रात्री ९.४५

काळजी रास्त, पण दोष बांबूवर टाकण्याआधी हिशेब बघू.

काठीची ताकद मोजायची इथली रीत अशी: बूड आडवं धरायचं आणि टोकाला एवढं वजन ओढायला लावायचं की टोक बुडाशी काटकोनात येईल. ते वजन म्हणजे त्या काठीची 'टेस्ट कर्व्ह'. इथले नावाजलेले गळवाले रिचर्ड वॉकर यांनी ढोबळ नियम दिला की त्याच्या पाचपट ताकदीची तंगूस त्या काठीला शोभते. वॉकर यांनीच मार्क ४ ची आखणी केली. त्यांची कार्प माशासाठीची मार्क ४ दीड पौंडाची, म्हणजे साडेसात पौंडी तंगूस. १९५२ साली रेडमायर तळ्यात त्यांनी ४४ पौंडांचा कार्प तिच्यावर काढला. १९८० साली ख्रिस येट्स यांनी त्याच तळ्यात साडेएक्कावन पौंडांचा काढला, तोही मार्क ४ वरच. तेव्हा बांबू दुबळा असतो असं म्हणता येणार नाही.

मात्र एव्हन ही तिची हलकी बहीण. तिला सहा पौंडी तंगूस शोभते, खुल्या पाण्यात आठ पौंडी चालते. केनेटमध्ये रॅननक्युलस नावाचं लांब केसांसारखं पाणगवत असतं, मासा त्यात घुसला की सहा पौंडीचा निभाव लागत नाही. तिथे सेव्हर्नकरांचं म्हणणं शंभर टक्के खरं. गवताच्या जागी कार्पवाली मार्क ४ किंवा सरळ कार्बन.

सेव्हर्नकर | २१ एप्रिल, रात्री १०.१०

इतपत मान्य. पण एक अट घाला: जुलै-ऑगस्टच्या उष्म्यात पाणी उतरलेलं असेल तर बांबू घरी. सप्टेंबरपासून वापरा, तेव्हा मासाही तगडा असतो.

आणि केनेटवाल्यांना आमचं एक देणं आहे. सेव्हर्नमध्ये बार्बेल मूळचा नव्हताच. १९५६ साली ५०९ बार्बेल आणून सोडले, ते तुमच्या केनेटमधलेच. आज आमच्या नदीभर त्यांचीच पोरंबाळं.

केनेटकाठ | २१ एप्रिल, रात्री १०.२५

हे माहीत नव्हतं! आता सेव्हर्नवर आलो की नातेवाइकांकडे आल्यासारखं वाटेल.

निळीशाई | २२ एप्रिल, सकाळी १०.३०

मला प्रामाणिकपणे विचारायचंय, वाद म्हणून नाही. खायचा नाही, विकायचा नाही, परत सोडायचा. मग त्या जिवाच्या तोंडात गळ घालायचाच कशाला? नदीकाठी बसून बघता येत नाही का?

केनेटकाठ | २२ एप्रिल, दुपारी १२.४५

प्रश्न योग्य आहे आणि मी तो टाळणार नाही. माशाला त्रास होतो, हे मी मान्य करतो. तो कमीत कमी व्हावा म्हणून उलटा काटा घासून टाकलेला गळ वापरतो, मासा पाण्याबाहेर काढत नाही, जाळ्यातच गळ सोडवतो. त्याच्या पाठीवरच्या पराचा पहिला काटा करवतीसारखा दातेरी असतो, तो जाळ्यात अडकतो. तो सोडवतानाही घाई करत नाही. मग तोंड प्रवाहाकडे करून दोन्ही हातांनी धरून ठेवतो, तो स्वतः झटका देऊन निघेपर्यंत.

पण हेही खरं की गळ टाकणारे नसते तर या नद्यांकडे इतक्या डोळ्यांनी कोणी पाहिलं नसतं. पाण्याला वास आला, मासे मेले, की पहिला फोन करणारा बहुतेक वेळा काठावर बसलेला गळवालाच असतो. तुम्हाला हे पुरेसं वाटणार नाही कदाचित, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

निळीशाई | २२ एप्रिल, दुपारी १.२०

मला अजूनही पटलेलं नाही, पण सरळ उत्तर दिलंत याबद्दल आभार.

आप्पा_लोणावळा | २२ एप्रिल, रात्री ९.००

तुमचा बार्बेल आणि आमचा महासीर, म्हणजे खडशी, हे एकाच गोतातले. पूर्वीचे इंग्रज महासीरला भारतातला बार्बेलच म्हणत. १८३९ साली कर्नल साइक्स यांनी आमच्या पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं तेव्हा त्याला 'बार्बस खुद्री' असंच नाव दिलं. पुढे शास्त्रज्ञांनी तो वेगळ्या, 'टॉर' गणात नेला. मिशा याच्याही चारच.

मी लहान असताना इंद्रायणीत हे मासे डोहात दिसायचे. आता तिथे पाण्याकडे बघवत नाही. लोणावळ्याला वळवणच्या तलावाशी टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून महासीरची पैदास केंद्रात करून बोटुकली ठिकठिकाणी सोडली, म्हणून हा मासा थोडाफार टिकला. आणि महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीला गेलात तर हे मासे देवीचे म्हणून राखलेले आहेत. वरदायिनीचं देऊळ आहे, लोक लाह्या-चुरमुरे टाकतात आणि हातभर लांबीचे मासे अगदी पायऱ्यांशी येतात. तिथे कोणी गळ टाकत नाही. टाकूही नये.

तरुणपणी मी पण काठीनेच धरायचो. आमची काठी अर्थात अख्खा बांबू, शेंड्याला दोरी बांधून. कामट्या जोडलेली काठी मी कधी हातात घेतलेली नाही. ती लवते कशी, हे कोणी नीट सांगाल का?

कामटी | २२ एप्रिल, रात्री १०.४०

आप्पा, सांगते. तुमच्या अख्ख्या बांबूला ओढ बसली की शेंडा लवतो आणि मग एकदम कुठेतरी ताठ होतो, बरोबर? या काठीत प्रत्येक इंचाची जाडी ठरवून तासलेली असते. त्यामुळे बाक शेंड्यापासून सुरू होतो आणि ओढ वाढेल तसा सावकाश खाली उतरत मुठीपर्यंत येतो. कार्बनपेक्षा ती जड असते, म्हणून तिची चालही संथ. ओढून सोडली तर सुटल्यासारखी थरथरत नाही, एकदा मागे येते आणि थांबते. दमलेल्या माशाने शेवटचा हिसडा दिला तर तो ती पोटात घेते. तोंड फाटणं, गळ निसटणं कमी.

आणि आणखी एक गोष्ट तुम्हाला आवडेल. टोन्किन बांबू येण्याआधी अशा काठ्या 'कलकत्ता केन'च्या बनत. तो म्हणजे आपला मानवेल, मेळघाटात आणि गडचिरोलीत उभा आहे तोच. गाठी मोठ्या, म्हणून पुढे मागे पडला. मी एकदा एका जुन्या काठीचा सुटलेला शेंडा उघडला तेव्हा आतला बांबू बघून ओळखीचा वाटला होता. कुडाळला आमच्या परसात माणगा आहे, त्याचा रंग वेगळा, पण तासताना येणारा वास तोच. कच्च्या उसासारखा, किंचित गोडसर. बाबा सुऱ्याने कामट्या काढायचे तेव्हा अंगणभर तो वास असायचा.

आप्पा_लोणावळा | २३ एप्रिल, सकाळी ६.१५

वाचून फार बरं वाटलं, पोरी. मानवेल! माझ्या वडिलांची काठी मानवेलाचीच होती.

खेकडेभजी | २३ एप्रिल, सकाळी ९.००

मूळ प्रश्न कुठे राहिला? केनेटदादा, काठी घेतलीत का? आणि बार्बेलला आमिष काय लावता?

केनेटकाठ | २३ एप्रिल, दुपारी १.१०

डब्यातल्या मांसाचा तुकडा किंवा माशांच्या खाद्याच्या गोळ्या. आणि तळावर भांगेचं बी शिजवून टाकतो. हो, भांगेचंच! शिजलं की फुटून पांढरा कोंब दिसतो, बार्बेल त्यासाठी खडी उकरत तासभर तिथेच राहतात. घरात शिजवताना बायको सगळ्या खिडक्या उघडते. काठीचं शनिवारी बघतो, दोन ठिकाणी जायचंय.

सेव्हर्नकर | २३ एप्रिल, दुपारी १.४०

बी मुरायला रात्रभर भिजवा, मग शिजवा. आणि सिग्नल क्रेफिशपासून सांभाळा. अमेरिकेतून आलेली ही झिंग्यासारखी जात केनेटभर पसरलीय, दहा मिनिटांत गळावरचं आमिष फस्त करते. शेंडा बारीक बारीक टुकटुक हलायला लागला की बार्बेल नाही, तेच आहेत. बार्बेल असला की काठी सरळ नदीत जायला निघते.

नवशिका_न्यूबरी | २४ एप्रिल, रात्री ८.३०

मी न्यूबरीला राहतो. इथे एडवर्ड बार्डर नव्या बांबूच्या काठ्या आजही हाताने बनवतात. ३०० पौंडांत नवी बसणार नाही, पण एकदा नवी काठी बघून ठेवली तर जुनी कशी वाटायला हवी याचा अंदाज येईल, असं मला वाटतं.

ट्रेंटवाला | २४ एप्रिल, रात्री ९.००

उत्तम सल्ला. हाताला एकदा खरं कळलं की फसगत होत नाही.

केनेटकाठ | २७ एप्रिल, रात्री १०.३०

मंडळी, शनिवार-रविवारचा वृत्तांत.

मार्क ४ एव्हन बघायला गेलो. शिक्का झकास, रेशमी गुंडाळ्या जशाच्या तशा. विकणाऱ्याच्या गॅरेजमध्ये दोन्ही तुकडे भिंतीला टेकवून उभे केले तर शेंडा जवळजवळ तीन इंच आखूड. विचारलं तर म्हणाला, ती तशीच असते. कानाजवळ धरून लववली. मधोमध टिक्. पुन्हा लववली, पुन्हा टिक्. कामटीताई, तुमच्यामुळे वाचलो. नमस्कार करून बाहेर पडलो. चॅपमन तोवर विकली गेली होती.

मग एका ओळखीच्याने एका वयस्कर बाईंकडे पाठवलं, त्यांच्या नवऱ्याच्या काठ्या होत्या. त्यांत एक बिनशिक्क्याची. दहा फूट, दोन भाग, आखणी एव्हनची. वॉकर यांनी मापं जाहीर केली होती, त्यामुळे त्या काळी कित्येक हौशी लोक घरी काठ्या बांधत. त्यातलीच ही असावी. बुडाजवळ वॉर्निशखाली शाईने तीन आद्याक्षरं, ती त्या बाईंच्या नवऱ्याची नाहीत, म्हणजे त्यांच्याही आधीची. दोन्ही तुकडे सारखे. शेंड्याला पाऊण इंच बाक. रेषा सगळ्या बंद. फेरूल मात्र सळकन निघाला. टोकाच्या कडीत कापूस अडकला.

खिशात माझा मासा तोलायचा स्प्रिंगचा काटा होता. कड्यांतून तंगूस ओवून हळूहळू ओढलं. पूर्ण काटकोनात नेलं नाही, जीव झाला नाही, पण जिथवर नेलं तिथे एक पौंडाच्या वर होतं आणि काठी अजून मागत होती. बाईंनी १४० सांगितले. मी घासाघीस केली नाही.

कामटी | २७ एप्रिल, रात्री १०.५५

फार छान निवड केलीत. फेरूल आणि टोकाची कडी मी बदलून देते, पाठवून द्या. आणि तोवर प्लास्टिकच्या नळीत बंद करून ठेवू नका! सुती पिशवीत, उभी टांगून. भिजली तर फडक्याने पुसून रात्रभर खोलीत वाळू द्या, रेडिएटरजवळ अजिबात नको.

ट्रेंटवाला | २७ एप्रिल, रात्री ११.०५

तीन आद्याक्षरं! ज्याने तासली त्याने ती नदीवर वापरायलाच तासली. अभिनंदन.

खेकडेभजी | १७ जून, सकाळी ७.००

हंगाम उघडला! फोटो कुठे?

केनेटकाठ | १७ जून, रात्री ८.२०

काल पहाटे गेलो होतो. खडीच्या उथळ पाण्यात बार्बेल अजून अंडी घालत होते. दोन-तीन नर एका मादीमागे, पाठी पाण्याबाहेर. काठी पिशवीतून काढलीच नाही. कुंपणाला टेकून दीड तास बघत बसलो. निळीशाई, तुमची आठवण झाली.

निळीशाई | १७ जून, रात्री ९.००

हे वाचून खूप आनंद झाला.

केनेटकाठ | २१ सप्टेंबर, रात्री ९.५०

धागा वर आणतोय. सेव्हर्नकरांची अट पाळली, उन्हाळाभर बांबू घरात टांगून ठेवला. परवा पाऊस होऊन नदी हातभर चढली होती, पाणी पातळ चहासारखं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला वाकलेल्या विलोच्या झाडाखाली, गवत नसलेल्या जागी, आठ पौंडी तंगूस, पाऊण औंस वजन आणि मांसाचा नखाएवढा तुकडा.

पावणेसातला काठी नदीत निघाली. हात मुठीवर होता म्हणून बरं. मासा आधी तळाला बसून राहिला, मग प्रवाहाबरोबर खाली निघाला, आणि बाक खाली उतरत उतरत माझ्या मनगटापाशी आला. कामटीताई, तुम्ही आप्पांना लिहिलं होतं अगदी तस्सं. कॉर्कच्या आतून बांबू जिवंत झाल्यासारखा. चार मिनिटांत जाळ्यात. घड्याळ लावलं होतं, मुद्दाम. सहा पौंड दोन औंस. पाण्यात तोंड वर प्रवाहाकडे करून धरला, तीन-चार मिनिटं कल्ले हलताना बघत होतो. मग शेपटीचा फटका माझ्या बाहीवर आणि गेला.

घरी येऊन काठी पुसली, जोडून नेम धरून पाहिली. बाक होता तेवढाच, पाऊण इंच.

सेव्हर्नकर | २१ सप्टेंबर, रात्री १०.१५

चार मिनिटं? माझ्या कार्बनवरही तेवढीच लागतात. मग ठीक आहे. तुमच्या विलोखाली एकदा बोलवा.

आप्पा_लोणावळा | २२ सप्टेंबर, सकाळी ६.०५

'बाक मनगटापाशी आला' हे तीनदा वाचलं.

कामटी | २२ सप्टेंबर, दुपारी १२.३०

फेरूल पॉक् म्हणतोय ना अजून? १४ मार्चला हंगाम संपला की पुन्हा पाठवा. शेंड्याच्या कड्या उलट बाजूला बांधून देते, म्हणजे तो पाऊण इंच दोन-तीन हंगामांत निघून जाईल. रेशीम गडद हिरवं लावू की जुनंच लाल ठेवू, ते कळवा.

केनेटकाठ | २२ सप्टेंबर, दुपारी १२.४०

लालच ठेवा. आणि आद्याक्षरांवरचं वॉर्निश तेवढं तसंच राहू द्या.